एसीचं काम शिकायचंय? मग मे महिन्याचा नाही, चार वर्षांचा हिशोब मांडा

दहावी-बारावीचे निकाल लागले की ओळखीचे पालक विचारायला लागतात, "एसी-फ्रिजचं काम शिकायला खर्च किती येतो आणि पोरगा कमवेल किती?" मी आधी उलट विचारतो, घर किती वर्षं थांबू शकतं? कारण फीचा आकडा या हिशोबातला सगळ्यात लहान आकडा आहे.

सरकारी आयटीआयमध्ये हा ट्रेड दोन वर्षांचा आहे. कागदोपत्री नाव बदललं असलं तरी आम्ही अजून एमआरएसीच (मेकॅनिक रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग) म्हणतो. फी नाममात्र. पात्र मुलांचं विद्यावेतन कित्येक वर्षं महिना 40 रुपये होतं, ते 2023 मध्ये 500 रुपये करायचं सरकारने ठरवलं. पाचशेत तालुक्याहून येणाऱ्या पोराचा डबा आणि एसटीचा पाससुद्धा भागत नाही. पण खरा खर्च तोही नाही. तोच मुलगा किराणा दुकानात किंवा गोडाऊनला लागला असता तर महिन्याला दहा हजार घरी आले असते. दोन वर्षांचे झाले 2 लाख 40 हजार. ज्या घरात बाप मजुरीवर आहे तिथे हा आकडा पहिल्याच दिवशी डोळ्यांसमोर असतो, आणि म्हणूनच "तीन महिन्यांत टेक्निशियन व्हा" अशी पाटी लावलेल्या क्लासकडे लोक वळतात. तिथे तीस-चाळीस हजार एकरकमी भरायचे, बऱ्याचदा कर्ज काढून.

मी या धंद्यात आहे, नाशिकमध्ये माझं छोटं दुकान आहे, आणि मला मनापासून वाटतं की ते चाळीस हजार क्लासला देऊ नका, हत्यारांसाठी ठेवा. गेज मॅनिफोल्ड, व्हॅक्यूम पंप, फ्लेअरिंग टूल, क्लॅम्प मीटर, गॅस मोजायचा वजनकाटा, ड्रिल मशीन, सर्व्हिसिंगचा जेट पंप, शिडी, ब्रेझिंगचा सेट. बऱ्यापैकी कंपनीचं घेतलं तर चाळीस ते साठ हजार लागतातच. स्वतःची हत्यारं नसतील तर पोरगा कितीही हुशार असो, दुसऱ्याचा हेल्पर म्हणूनच फिरतो.

तीन महिन्यांत काय येत नाही, ते एका उदाहरणाने सांगतो. नवीन स्प्लिट एसी बसवला की इनडोअर-आउटडोअरमधल्या कॉपर पाइपमध्ये हवा आणि ओलावा असतो. व्हॅक्यूम पंप लावून ते ओढून काढायचं, मग पंप बंद करून गेजचा काटा हलतो का ते बघत थांबायचं. काटा वर चढला तर कुठेतरी लीक आहे किंवा आत ओलावा राहिलाय. हे सगळं नीट केलं तर अर्धा तास सहज जातो. सीझनमध्ये दिवसाला चार फिटिंग उरकायची असतात, म्हणून बरेच जण आउटडोअरमधला थोडा गॅस सोडून हवा उडवतात आणि नट आवळून मोकळे होतात. एसी त्या दिवशी गारच देतो. ओलाव्याने तेल खराब होऊन कॉम्प्रेसर जातो तेव्हा गिऱ्हाईक कंपनीला शिव्या घालतं. आणि आता गॅसही बदलले. आर-22 हळूहळू बाद होतोय, घरगुती एसीत बहुतेक आर-32 येतो, तो पेट घेऊ शकतो, आणि काही एसींत आर-290 असतो म्हणजे चक्क प्रोपेन. पंप डाऊन करताना, म्हणजे एसी काढण्याआधी सगळा गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेताना, सिस्टीममध्ये हवा ओढली गेली तर कॉम्प्रेसर फुटू शकतो. असं काम घाईत शिकलेल्या पोराच्या हातात द्यायला माझा जीव धजत नाही.

आता कमाई. आमच्याकडे पहिल्या वर्षीच्या हेल्परला साधारण आठ-दहा हजार मिळतात. दोन-तीन वर्षांत हात बसला की पंधरा-अठरा. पीसीबी, म्हणजे एसीतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट समजणारा, इन्व्हर्टर एसीचा फॉल्ट शोधणारा माणूस पंचवीसच्या पुढे जातो. स्वतःचं काम करणारा एप्रिल-मेमध्ये महिन्याला सत्तर-ऐंशी हजारांचा धंदा करतो हे खरं आहे, पण त्यातून कॉपर, गॅस, पेट्रोल, हेल्परचा पगार वजा करा. मग जुलै-ऑगस्ट बघा, फोन वाजत नाही. 2025 मध्ये तर मे महिन्यातच अवकाळीने झोडपलं आणि 26 मेला मोसमी पाऊस मुंबईत पोहोचला. आमचा भर सीझनच पाण्यात गेला. ज्यांनी मेच्या भरवशावर गाडीचे हप्ते घेतले होते त्यांची काय अवस्था झाली, ते आमच्या लाइनमध्ये सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून माझं मत असं की घरगुती एसीच्या पलीकडे बघा. पिंपळगावकडची द्राक्षांची प्रीकूलिंग आणि कोल्ड स्टोरेज, दूध संकलन केंद्रांवरचे बल्क कूलर, औषध कंपन्या, हॉस्पिटलची ऑपरेशन थिएटर, नवी मुंबईतली डेटा सेंटर. दूध आणि औषधं पावसाळ्यातही गारच ठेवावी लागतात. तिथे महिन्याला ठरलेला पगार, पीएफ, ईएसआय मिळण्याची शक्यता जास्त. पण तिथे प्रमाणपत्र विचारतात. आयटीआयनंतर एखाद्या मोठ्या कारखान्यात अप्रेंटिसशिप केली तर विद्यावेतनही मिळतं आणि चिलर, म्हणजे मोठ्या इमारती-कारखान्यांसाठी पाणी गार करणारं यंत्र, प्रत्यक्ष हाताळायला मिळतं. तीन महिन्यांच्या क्लासचा कागद तिथल्या गेटवर चालत नाही.

ज्यांचं घर खरंच थांबू शकत नाही, त्यांनी फी भरून शिकण्यापेक्षा चांगल्या दुकानात कमी पगारावर लागावं आणि बाहेरून बारावी करावी. फक्त मालकाला पहिल्याच दिवशी विचारा, उंचावर चढताना सेफ्टी बेल्ट देता का आणि अपघात विमा काढता का. सातव्या मजल्याच्या छज्ज्यावर आउटडोअर बसवताना पोरं कमरेला साधी दोरी बांधतात, काही तीही नाही. बेल्ट हजार-दीड हजाराला येतो. जो मालक तेवढंही देत नाही, त्याच्याकडे पगार दोन हजार जास्त असला तरी पोराला पाठवू नका.

नाशिकमधल्या कोणाच्या मुलाला, किंवा मुलीला, काम जवळून बघायचं असेल तर जुलैमध्ये दुकानावर घेऊन या. तेव्हा आम्हालाही निवांत बोलायला वेळ असतो.