डीपी जळत नसतो, रोहित्र नादुरुस्त होते

सांगली जिल्ह्यातल्या वाळव्याकडं ऐन उसाला पाणी द्यायच्या वेळेला डीपी (म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळाला, तर घाबरू नका. आधी 'डीपी जळाला' असं म्हणायचं सोडा. अर्जात 'रोहित्र नादुरुस्त होते'. मोटर बंद पडत नाही, 'कृषिपंपाचा विद्युतपुरवठा खंडित होतो'. ऊस तर वाळतच नाही, पीक 'बाधित' होतं. नव्हे, होते! घरात 'काम झालं' म्हणा, कागदावर 'झाले'च पाहिजे. मराठी लेखनाच्या नियमांत गोष्टीतल्या पात्राच्या तोंडी बोलीभाषा घालायची मुभा आहे, पण तुम्ही पडलात अर्जदार. अर्जदार पात्र ठरलाच तर अनुदानाला ठरतो, तेही क्वचित.

मग कर्ता हाकलून द्या. 'वायरमन उद्या येतोय' या वाक्यात वायरमन आहे, उद्या आहे. म्हणजे कुणाला तरी, कधीतरी यावं लागणार. असली जोखमीची वाक्यं टाळा. 'यथावकाश योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' बघा. कोण करणार, कधी, काय, कशाचाच पत्ता नाही आणि व्याकरणाला बोट लावायला जागा नाही.

लग्नपत्रिकेलाही हेच लागू. जुन्या पत्रिकांत 'शरीरसंबंध करण्याचे योजिले आहे' असं छापून अख्ख्या भावकीला जेवायला बोलवायचे. हेच पारावर बोलून दाखवा, मग कळेल.

आपल्या भागातल्या माणसांना ही शिस्त कधीच नव्हती. १९४३ साली क्रांतिसिंह नाना पाटलांनी इथं इंग्रजांच्या नाकावर टिच्चून प्रतिसरकार चालवलं (वाळवा तेव्हा सातारा जिल्ह्यात). लोकांनी त्याचं केलं 'पत्री सरकार'. इतकं मोठं सरकार, पण नावाचं शुद्धलेखन तपासायला एक कारकून नाही! म्हणूनच चाललं असणार.

मी मात्र नियमानं गेलो. 'उपरोक्त विषयास अनुसरून' असा दीड पानी अर्ज दिला, पोच घेतली. आठवड्यानं उत्तर आलं. तात्यांना वाचून दाखवलं.

"म्हंजे येनार कोन?"

"तात्या, कार्यवाही करण्यात येईल."

"ती कुठल्या गावची?"

तात्यांनी गाडीला किक मारली, थेट वायरमनच्या दारात. "आवो, ऊस वाळाय लागलाय. कवा येतायसा?" एवढंच बोलले. ना विषय, ना संदर्भ, 'महोदय' तर नाहीच. तिसऱ्या दिवशी नवा डीपी बसला.

तात्यांचं अनुकरण करू नका. त्यांच्या कामाची कुठंही नोंद नाही. माझ्या अर्जाची आहे, आणि त्यावर पुढचा पत्रव्यवहारही सुरू आहे. कालच दुसरं पत्र आलं: 'सदर रोहित्र कोणत्या कारणास्तव नादुरुस्त झाले, याबाबतचा खुलासा सात दिवसांच्या आत सादर करण्यात यावा.'

मी शब्दकोश काढून बसलो. तात्या तंबाखू मळत म्हणाले, "लिव्ह की, जळाला म्हून!"