ताळेबंद आधी, दशमांशाचा ठराव मग

सोलापुरात आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या वार्षिक सभेपुढे यंदा दोन ठराव येणार आहेत. पहिला असा, की प्रत्येक मिळवत्या सभासदाने पगाराचा दशमांश दरमहा थेट बँकेतून वळता करावा आणि जो करणार नाही त्याला सभेत मताचा अधिकार नसावा. दुसरा, हंगामाच्या सणाला होणारा लिलाव बंद करून घरटी एक ठरावीक रकमेचं पाकीट घ्यावं. ठराव मांडणारी मुलं शिकलेली आहेत आणि त्यांची तळमळ खरी आहे. पाळकांचा पगार मागेपुढे होतो, पावसाळ्यात छत गळतं आणि प्रत्येक वेळी तीच पाच-सहा घरं खिशात हात घालतात. माझा चुलत भाऊ या मुलांच्या बाजूचा. तो फोनवर म्हणाला, "ताई, तुमच्या जर्मनीत तर सरकारच चर्चसाठी पैसे कापून घेतं. मग आम्ही कापले तर काय बिघडलं?"

प्रश्न रास्त आहे. पण जर्मनीचं उदाहरण द्यायचं तर ते पुरतं द्यायला हवं.

मी स्टुटगार्टला राहते. इथे राहायला आलं की पालिकेत नाव नोंदवावं लागतं आणि त्या अर्जात धर्माचा रकाना असतो. तिथे प्रोटेस्टंट किंवा कॅथलिक लिहिलं की पुढच्या पगारापासून चर्चचा कर सुरू. आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आणि शेजारच्या बव्हेरियात तो ८ टक्के आहे, बाकीच्या राज्यांत ९ टक्के. मात्र हे टक्के पगाराचे नाहीत, आयकराचे आहेत. वर्षाला १०,००० युरो आयकर भरणाऱ्याचे चर्चला ८०० युरो जातात. दशमांशाच्या जवळपासही ही रक्कम पोचत नाही. शिवाय ज्याला आयकरच लागत नाही, म्हणजे विद्यार्थी, बेकार, तुटपुंज्या पेन्शनवर जगणारी म्हातारी, त्याला हा करही लागत नाही. तरी तो पुरा सभासद असतो. व्युर्टेम्बर्गच्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये १४ वर्षांवरचा प्रत्येक सभासद चर्चच्या निवडणुकीत मत देतो आणि त्याने किती भरले हे कुणी विचारत नाही. भावाला मी हेच सांगितलं, की तुमचा ठराव जर्मनीच्या कायद्यापेक्षा कडक आहे.

या कराचं मूळ १९व्या शतकात आहे. १८०३ साली जर्मन राजेरजवाड्यांनी चर्चच्या जमिनी आणि मठ ताब्यात घेतले, पुढे चर्चचा खर्च भागवायला सभासदांवर कर बसवण्याची मुभा दिली. १९१९च्या राज्यघटनेत ती आली आणि १९४९च्या घटनेनेही ती चालू ठेवली. याचा फायदा मी डोळ्यांनी बघते. पाळकाचा पगार ठरल्या दिवशी होतो. उपदेश करताना त्याला कुणा धनिकाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. सोलापुरात पाळकांची बायको महिनाअखेरीला किराणा दुकानात उधारी मागते हे पाहत मी वाढले, त्यामुळे या गोष्टीला मी कधीच कमी लेखणार नाही.

तरीही इथल्या चर्चमधून माणसं झुंडीने बाहेर पडत आहेत. २०२२ या एका वर्षात नुसत्या कॅथलिक चर्चमधून ५ लाखांहून जास्त लोकांनी नाव कमी केलं. त्याला लैंगिक अत्याचारांची उघडकीला आलेली प्रकरणं कारण आहेत, उडालेला विश्वास कारण आहे, आणि करही आहे. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एक बाई लहानपणी चर्चच्या गायनवृंदात होत्या. घराचा हप्ता सुरू झाला तेव्हा त्यांनी नोंदणी कार्यालयात जाऊन सही केली आणि बाहेर पडल्या. देवावर त्यांचा राग नव्हता. म्हणाल्या, "इतकी वर्षं पैसे जात होते, पण मी काही दिलं असं मला एकदाही वाटलं नाही." पगाराच्या चिठ्ठीवर आरोग्यविमा, पेन्शन, बेकारी विमा यांच्या ओळीत चर्चही एक कपात होऊन बसलं होतं. खर्च कमी करायची वेळ आली तेव्हा जी कपात थांबवता येत होती ती त्यांनी थांबवली.

दरमहा आपोआप वळत्या होणाऱ्या दशमांशाची मला हीच भीती वाटते. पैसे येतील, कदाचित पाळकांचा पगारही वेळेवर होईल, आणि ते व्हायलाच हवं. पण देताना जी प्रार्थना मनात उमटते, "प्रभू, हे तुझंच होतं," ती बँकेच्या मेसेजबरोबर उमटत नाही. ज्याला हवी त्याला बँकेची सोय जरूर द्यावी, मीही इथून तशीच पाठवते. ती मताशी बांधू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि आमच्या मंडळीत पगाराची चिठ्ठी असते तरी किती जणांकडे? शाळेतल्या बाई, सिव्हिल हॉस्पिटलमधल्या सिस्टर, महापालिकेतले दोन-चार जण. बाकी कुणी यंत्रमागावर रोजाने आहे, कुणी विड्या वळतं, कुणी रिक्षा चालवतं, कुणी कंत्राटावर नर्स आहे. या बायामाणसांच्या कोणत्या कमाईचा दहावा भाग धरणार? आठवडाभर सूत आलं नाही म्हणून माग बंद राहिला तर त्या महिन्याला तो माणूस मंडळीचा अर्धाच सभासद होणार का?

ठरावाच्या बाजूने बायबलमधल्या मलाखी संदेष्ट्याचं वचन दिलं जातं, की सगळा दशमांश भांडारात आणा. वचन खरं आहे आणि त्यातला आशीर्वादही खरा आहे. पण त्याच तिसऱ्या अध्यायाच्या पाचव्या वचनात मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांवर, विधवेला, अनाथाला आणि परक्याला छळणाऱ्यांवर परमेश्वर स्वतः साक्षीला उभा राहतो. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश उपासनेची सेवा करणारे लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी खाऊन तृप्त व्हावं म्हणून गावातच ठेवायला सांगितला आहे. विधवेने अर्पण केलेल्या दोन टोल्यांवर, म्हणजे अगदी लहान नाण्यांवर, आपण इतके उपदेश ऐकले, पण मार्कच्या बाराव्या अध्यायात तिच्या आदल्याच वचनात विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना येशूने फटकारलं आहे. त्या बाईचं देणं थोर होतं. तिच्याकडून घेणाऱ्यांनाही येशू बघत होता.

आता लिलावाबद्दल. हा ठराव वाचून मला मनापासून वाईट वाटलं.

ज्यांनी आमच्याकडचा हंगामाचा सण पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. चर्चच्या दाराला दोन्ही बाजूंनी कणसांसकट ज्वारीची ताटं बांधतात. वेदीपुढे पोत्यावर मालदांडीची रास, तिच्याभोवती डाळिंबं, बोरं, भोपळे, अंड्यांची टोपली, पाय बांधलेली एखादी कोंबडी. शेत नाही ती माणसं हातची वस्तू आणतात. कुणी शेंगाचटणीची बरणी आणतं, कुणी कडक भाकऱ्यांची चवड, यंत्रमागावरचा भाऊ टॉवेलची जोडी. उपासना झाली की मंडपात लिलाव. रिटायर झालेले एक मास्तर वस्तू उंच धरून बोली पुकारतात. एक डाळिंब पन्नासाला जातं, घेणारा ते परत टेबलावर ठेवतो, ते पुन्हा शंभराला जातं, तोही ते परत ठेवतो, आणि तिसऱ्यांदा विकलं गेलं की एखाद्या आजारी माणसाच्या घरी पोचतं. फळ एकच, देणारे तिघे.

मुलांचा आक्षेप असा, की यात बडेजाव होतो, ज्याच्याकडे पैसे आहेत तो मिरवतो आणि गरीब मागच्या खुर्चीत मान खाली घालून बसतो. आक्षेपात तथ्य आहे. त्यावर उपाय करा. निम्म्या वस्तू ठरावीक किमतीत टेबलावर ठेवा, म्हणजे वीस रुपयांत कुणालाही घरी प्रसन्न मनाने काही नेता येईल. बोली एका मर्यादेपलीकडे नेऊ नका. पण पाकिटाने वस्तूची जागा भरून निघत नाही. अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायात पहिल्या पिकाची टोपली घेऊन येणाऱ्याने याजकापुढे उभं राहून आपली कहाणी सांगायची आहे, की माझा पूर्वज भटका अरामी होता, मिसरात आम्ही गुलाम होतो, तू आम्हाला सोडवलंस, तू ही भूमी दिलीस, म्हणून हे पीक आणलं. सोलापुरासारख्या पावसाने सतत हूल देणाऱ्या जिल्ह्यात ज्वारीची रास वेदीपुढे पडते तेव्हा तीच कहाणी सांगितली जाते. नोटांच्या पाकिटातून ती ऐकू येणार नाही.

आमच्या घरी शेत नव्हतं. पप्पा गिरणीत होते, आणि सोलापूरच्या गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या तेव्हा त्यांचीही बंद पडली. आई दळणासाठी ज्वारी पाखडून घ्यायची, डब्यात भरण्याआधी त्यातली एक मूठ बाजूच्या डालड्याच्या डब्यात टाकायची आणि मगच दळण गिरणीत पाठवायची. महिन्याअखेरीला महिला मंडळाच्या बायका तो डबा रिकामा करून न्यायच्या. ज्या महिन्यांत घरात पगार नव्हता त्या महिन्यांतही मूठ पडत राहिली, फक्त ज्वारी उधारीची होती. मिझोराममध्ये प्रेस्बिटेरियन बायकांनी १९१० साली अशीच मूठभर तांदूळ काढायला सुरुवात केली आणि आज त्यांच्या चर्चची कितीतरी कामं त्या मुठीवर चालतात. आईच्या मुठीची टक्केवारी कुणी काढली नाही. माझ्या आईला मताचा अधिकार नाकारणारा नियम मला मान्य होणं शक्य नाही.

इथल्या आभाराच्या सणातली एक गोष्ट मात्र मला सोलापुरात हवी आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये वेदीवर पाव, भोपळे, द्राक्षं, सफरचंदं मांडतात. पुष्कळसं दुकानातून विकत आणलेलंच असतं, शेतीशी इथे फार थोड्यांचा संबंध उरला आहे. पण सण संपला की हे सगळं 'टाफेल'कडे जातं. १९९३ साली बर्लिनमध्ये सुरू झालेली ही अन्नवाटपाची चळवळ आता देशभर आहे, उरलेलं चांगलं अन्न गोळा करून ती गरजूंना पोचवते. आपल्याकडे वेदीवरची वस्तू आपणच विकतो, आपणच घेतो, आपल्याच घरी नेतो. सिव्हिलच्या आवारात अक्कलकोट, मंगळवेढ्याकडून आलेले रुग्णांचे नातेवाईक रात्र रात्र बसलेले असतात. लिलावाआधी चौथा हिस्सा त्यांच्यासाठी काढून ठेवला तर सण आपल्या फाटकाबाहेर पोचेल.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. इथे दर रविवारी पाळक सांगतात, की आजचं अर्पण अमुक कामासाठी आहे. आणि मागच्या रविवारचं अर्पण किती जमलं तेही सांगतात, सेंटपर्यंत. रक्कम कधी कधी अगदी किरकोळ असते, तरी ती मोठ्याने वाचली जाते आणि त्यानंतर आभाराची प्रार्थना होते. इथेही सगळं पहिल्यापासून स्वच्छ होतं असं नाही. लिम्बुर्गच्या बिशपांच्या निवासावर ३ कोटी युरोंहून जास्त खर्च झाल्याचं २०१३ साली बाहेर आलं, देशभर संताप उसळला आणि पुढच्या वर्षी त्यांना पद सोडावं लागलं. त्यानंतर एकेक धर्मप्रांत आपली मालमत्ता जाहीर करू लागला. कोलोनने २०१५ साली ३३५ कोटी युरोंचा आकडा लोकांपुढे ठेवला. उघडपणा आला तो लोकांनी मागितला म्हणून.

आपल्याला त्यासाठी कुठल्या प्रकरणाची वाट बघायची गरज नाही. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात यरुशलेमेच्या गरिबांसाठी जमवलेली वर्गणी नेताना पौल एकटा जात नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतो, आणि कारण सांगतो, की या रकमेवरून कुणी आम्हाला दोष लावू नये, प्रभूच्या दृष्टीने जे चांगलं ते माणसांच्या दृष्टीनेही चांगलं दिसावं. पौलाला साक्षीदार लागत होता तर आपल्या पंच कमिटीलाही लागेल. १९५०चा सार्वजनिक विश्वस्त कायदाही विश्वस्तांकडून दरवर्षी तपासलेला हिशोब मागतोच. तो हिशोब होतो, धर्मादाय कार्यालयात जातो, आणि बाकावर बसणाऱ्या माणसाला कधी दिसत नाही. कुणी पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही, तशी शंकाही मला नाही. पण आपण सगळेच देवाच्या मालाचे कारभारी असू, तर सभासदाच्या पगाराची चौकशी करणाऱ्या ठरावात कमिटीच्या वहीबद्दल एक ओळ तरी हवी होती.

जमिनीचा विषयही लवकरच निघेल, रस्त्याकडेच्या भिंतीला गाळे काढायची कुजबुज मी ऐकली आहे. मिशनच्या काळात आपल्या भागात जे उभं राहिलं ते दूरच्या, नाव न कळलेल्या माणसांच्या लहान लहान देणग्यांतून. १९०० सालच्या दुष्काळात अमेरिकेतल्या ख्रिस्ती वाचकांच्या वर्गणीतून 'क्विटो' नावाचं जहाज मका भरून मुंबईला आलं होतं. ती माणसं आपल्याला हिशोब विचारायला येणार नाहीत. त्याच विश्वस्त कायद्याच्या ३६व्या कलमाप्रमाणे विश्वस्त मालमत्ता विकायला किंवा दीर्घ मुदतीने भाड्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, पण त्याआधी मंडळीची उघडी चर्चा लागते.

म्हणून सभेला माझी विनंती अशी. मागच्या तीन वर्षांचा ताळेबंद, जमा आणि खर्च सोप्या मराठीत लिहून, सभेच्या दोन रविवार आधी चर्चच्या दाराशी लावावा. पाळकांच्या पगाराला किती कमी पडतात तो आकडा त्यात ठळक असावा. मतासाठी दशमांशाची अट काढून टाकावी. लिलाव यंदा व्हावा, चौथा हिस्सा सिव्हिलला जावा. छताच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रकही त्याच दारावर लागलं, तर बाहेरगावी असलेल्या आम्ही सगळ्यांनी किती उचलायचं ते आम्ही आपसात ठरवून सभेआधी कळवू.