सुशी राहू द्या, आधी हायबॉल आणि काराआगे मागवा

जपानी फ्यूजन पबमध्ये बसलात की लगेच सुशीचं पान उघडू नका. एक हायबॉल आणि एक प्लेट काराआगे, म्हणजे जपानी पद्धतीनं तळलेले कोंबडीचे तुकडे, मागवा. त्या जागेला काय जमतं नि काय नाही, ते या दोन गोष्टींत कळतं.

हायबॉल म्हणजे व्हिस्की-सोडाच. पण जपानातल्या इझाकायात, म्हणजे पिता पिता थोडं थोडं खात बसायच्या साध्या गुत्त्यात, तो निगुतीनं बनतो. उंच ग्लास काठोकाठ बर्फानं भरायचा. 30 मिली व्हिस्की ओतून दहा-बारा वेळा ढवळायची, म्हणजे ग्लासही गार होतो. वितळला तेवढा बर्फ पुन्हा भरायचा. मग फ्रीजमधला सोडा, 100 ते 120 मिली, बर्फावर न आपटता कडेनं सोडायचा. लांब चमचा तळाशी नेऊन एकदाच अलगद वर घ्यायचा. बस्स! बिघडतं कुठे? चारच खडे, कोमट सोडा आणि वरून घुसळणं. बर्फ भराभर वितळतो, गॅस उडतो, हाती फिकट पाणी येतं. ‘बर्फ कमी टाक’ हे कृपया सांगू नका. पेग तेवढाच असतो, फक्त लवकर पाणचट होतो.

काराआगेला कोंबडीची मांडीच हवी, छातीचं मांस कोरडं पडतं. साधारण 30 ग्रॅमचे तुकडे सोया सॉस, साके (तांदळाची जपानी दारू), किसलेलं आलं-लसूण यांत अर्धा तास ठेवून बटाट्याच्या स्टार्चमध्ये घोळवतात. 160 अंशांना 3 मिनिटं तळून जाळीवर 4 मिनिटं ठेवायचे. तेवढ्यात आतल्या उष्णतेनं मधला भाग शिजतो आणि ओलावा बाहेरच्या थरात येतो. मग 190 अंशांना मिनिटभर तळलं की तो ओलावा उडून कवच कुरकुरीत होतं. हे दुसरं तळणं गर्दीच्या वेळी हमखास गाळलं जातं. वरून मेयोनेजचा सडा पडला असेल तर मऊ पडलेलं कवच झाकलंय असं समजा. सॉस वाटीत वेगळाच मागा.

फ्यूजनवर माझा राग नाही. तेम्पुराची, म्हणजे पातळ पिठात बुडवून तळायची, पद्धतच जपानात 16व्या शतकात पोर्तुगीजांबरोबर पोचली, आणि त्यांची जहाजं गोव्याहून मकाऊमार्गे नागासाकीला जात. पण मिसळताना पदार्थाचा स्वभाव कळायला हवा. भाजलेल्या कणसाला मिसो-बटर (मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण) फार छान लागतं. मात्र ते विस्तवावरून उतरवल्यावर लावायचं. आधी लावलं तर मिसो करपून कडू होतो. वर मीठही नको, मिसो मुळातच खारट.

साकेबद्दल एवढंच: नुसतं ‘हॉट साके’ लिहिलेलं दिसलं तर कोणती ते विचारा. गिंजो प्रकारची साके 10 अंशांच्या आसपास गार प्यावी, तापवली की तिचा फळांसारखा वास जातो. जुनमाई प्रकारची मात्र 45 अंशांपर्यंत छान खुलते. आणि साके शॉटसारखी घशात ओतू नका. ती साधारण 15-16 टक्के अल्कोहोलची असते, वाइनसारखी घोट घोट घ्यायची.