‘जगावर प्रीती करू नका’: फिरणाऱ्या निरोपाबद्दल खुलासा

इंदूरच्या आपल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांत एक निरोप फिरतोय: ‘1 योहान 2:15 सांगतं, जगावर प्रीती करू नका, म्हणून दागिना, बचत, सराफ्यातलं (तिथल्या रात्रीच्या खाऊबाजारातलं) खाणं, सगळं पाप.’ बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्रातलं हे वचन खरं आहे. अर्थ चुकीचा लावलाय.

पुढचंच वचन वाचा. योहान तिथे देहाची वासना, डोळ्यांची वासना आणि संसाराची फुशारकी सांगतो. ही वस्तूंची यादी नाही, मनाची ओढ आहे. मूळ ग्रीकमध्ये ‘जग’ म्हणजे कॉसमॉस. ‘देवाने जगावर एवढी प्रीती केली’ या योहानाच्या शुभवर्तमानातल्या 3:16 मध्येही तोच शब्द. म्हणजे जगच वाईट, असा अर्थ होत नाही. 1 तीमथ्य 6:10 सुद्धा पैशाला नव्हे, पैशाच्या लोभाला वाईटाचं मूळ म्हणतं.

परवा उपासनेनंतर एक काकू हातातल्या दोन बांगड्या काढून रुमालात बांधत होत्या. काकांनी दिलेल्या. “देव रागावेल ना रे बाळा?” मला फार वाईट वाटलं. बांगड्या मी त्यांच्या हातात परत घातल्या.

देव की जग, ही निवड करावी लागते, नाही असं नाही. खोटं बिल फाडायचं की नुकसान सोसायचं, तिथे ती होते, आणि तिथे ती जड जाते.

निरोप पुढे पाठवला असेल, तर त्याच गटात ही वचनंही टाका.