भाडं म्हणजे पाण्यात गेलेले पैसे? आधी बेळगावचा हिशोब बघा की

भावकीचा ग्रुप, गल्लीचा ग्रुप, शाळेच्या वर्गाचा ग्रुप, सगळीकडे एकच मेसेज फिरालाय. भाडं म्हणजे पाण्यात घातलेले पैसे, तेवढ्यातच हप्ता भरा आणि मालक व्हा, जागेचा भाव कधी उतरत नाही, वर टॅक्सही वाचतो. माझा चुलतभाऊ, वय २६, उद्यमबागेत नोकरी, हे वाचून टोकन द्यायला निघाला होता, म्हणून रात्री त्याला घेऊन वहीवर हिशोब मांडला.

पहिलं, "तेवढ्यातच हप्ता". आम्ही अनगोळात टू बीएचकेत राहतो, भाडं १३ हजार. त्याच बिल्डिंगमधला तसाच फ्लॅट विकायला आहे, मागतायत ५० लाख. बँक ८० टक्के देणार, म्हणजे १० लाख आपल्या खिशातले, शिवाय स्टँप ड्युटी, सेस, सरचार्ज आणि ऑगस्ट २०२५ अखेर १ चे २ टक्के झालेली नोंदणी फी, सगळं धरून ७.६ टक्के, म्हणजे ३ लाख ८० हजार वेगळेच, आणि हे काही बँक कर्जात घालून देत नाही. राहिलेल्या ४० लाखाचा साडेआठ टक्क्यानं २० वर्षांचा हप्ता येतो ३४,७१३ रुपये. १३ हजार कुठे आणि हे कुठे!

आता ते "पाण्यात". पहिल्याच हप्त्यातले २८,३३३ रुपये व्याज आणि मुद्दलात जातात फक्त ६,३८०. भाऊ ती ओळ बघून गप्पच झाला. पाच वर्षांत २० लाख ८३ हजार भरून मुद्दल फिटतं पावणेपाच लाख, बाकी १६ लाख व्याज. भाडं दरवर्षी ५ टक्के वाढलं तरी पाच वर्षांचं होतं ८ लाख ६० हजारच्या आसपास. मग पाण्यात जास्त कुणाचे गेले? फक्त एक आहे, हप्ता आणि भाड्यातला फरक दर महिन्याला खरंच बाजूला टाकायला पाहिजे, तो मोबाइल आणि गाडीत गेला तर माझा सगळा हिशोब फुकट.

टॅक्सचं म्हणाल तर स्वतः राहायच्या घराच्या व्याजावरची २ लाखाची सूट जुन्या पद्धतीतच मिळते, नव्यात नाही.

"भाव कधी उतरत नाही" याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण यावर विश्वास ठेवून आपली माणसं शेतातले प्लॉट बॉन्डवर, म्हणजे नुसत्या स्टँपपेपरवर लिहून, घेतात. आमच्या मामांनी घेतलाय तसा, एनए (बिगरशेती) नाही, खाता म्हणजे पालिकेच्या किंवा पंचायतीच्या दप्तरातली नोंद नाही, आज विकायला काढला तर गिऱ्हाईक पहिला उताराच मागतो. बॉन्डवर सही करून मालकी येत नाही ओ, खरेदीखत रजिस्टरच व्हायला लागतं, आणि आता ई-खाता, म्हणजे त्याच नोंदीचा ऑनलाइन दाखला, नसेल तर रजिस्ट्री होत नाही. त्यात सगळी कागदं कन्नडात. १९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो, आजोबांचं खरेदीखत मराठीत आहे, घरात कुणीही वाचतं, पण मामांनी सही केली त्यातली चतुःसीमा त्यांना आजही वाचता येत नाही. कन्नड वाचणारा आपला माणूस आणि आपला स्वतःचा वकील, दोघांना दाखवल्याशिवाय टोकन देऊ नका, ईसीसुद्धा, म्हणजे जागेवर कर्जबोजा आहे का ते सांगणारा दाखला, काढून बघा.

मेसेजमधलं "मालक व्हा" एवढं मात्र मी खोडणार नाही. घरमालक पोराच्या लग्नाचं कारण सांगून दोन महिन्यांत खाली करा म्हणतो तेव्हा बायकोचा चेहरा बघवत नाही, आणि स्थळ बघायला आलेले "घर स्वतःचं काय?" हे आधी विचारतात. ज्याची नोकरी इथेच पक्की आहे, आईवडील इथेच आहेत, १४-१५ लाख हातात असून वर सहा महिन्यांचा खर्च शिल्लक राहतोय, त्यानं जरूर घ्यावं. पण २६ व्या वर्षी, उद्या पुण्याला नाहीतर बेंगळूरला जायचं ठरलं तर काय करणार?

आणि जिथे घ्यायचंय तिथे एक पावसाळा भाड्यानं राहून बघा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शहरात कुठेकुठे पाणी शिरलं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. भावानं टोकन थांबवलंय, जूनपासून शहापुरात भाड्यानं खोली घेतोय, ज्या गल्लीत फ्लॅट बघितला होता त्याच गल्लीत.