निर्णय दिल्लीचा, भुर्दंड मुंबईचा

कापसाचा भाव पडला की आमच्या विदर्भात पहिली शिवी पालकमंत्र्याला बसते, दुसरी आमदाराला. भाव यांच्या हातात नाही हे देणाऱ्यालाही ठाऊक असतं. पण दिल्ली लांब पडते ना भाऊ!

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत शेती हा राज्याचा विषय. परदेशी व्यापार आणि सीमाशुल्क केंद्राचं. कच्चा कापूस अन् सरकीचा व्यापार 1954 च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीनं समवर्ती यादीत गेला. तिथं दोघांचे कायदे भिडले की सहसा केंद्राचाच टिकतो. म्हणजे पराटी (कापसाचं झाड) उभी आहे तोवर मुंबईची, कापूस वेचून घरात आला की दिल्लीचा.

19 ऑगस्ट 2025 पासून केंद्रानं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून 31 डिसेंबरपर्यंत. आपली वेचणी नेमकी त्यातच येते. अमेरिकेनं कर लादल्यानं कापड उद्योग अडचणीत होता, मान्य. पण त्याला सावरायला शेतकऱ्याचाच खिसा का? हमीभाव केंद्र ठरवतं (2025-26 च्या हंगामात लांब धाग्याला क्विंटलमागे 8110 रुपये), खरेदी सीसीआय, म्हणजे केंद्राचंच कापूस महामंडळ, करते, ओलावा 12 टक्क्यांवर गेला की गाडी परत. शेतकरी मोडला की कर्जमाफीसाठी मोर्चा मात्र मुंबईवर. 2017 आणि 2019 च्या कर्जमाफ्या राज्याच्याच तिजोरीतून झाल्या.

रानडुकराचं तेच. त्याला उपद्रवी प्राणी जाहीर करायचा अधिकार केंद्राचा, पिकाची भरपाई द्यायची राज्यानं.

राज्याच्या हाती दिलं की सगळं सुरळीत होईल, असंही मी म्हणत नाही. एकाधिकार खरेदी, म्हणजे राज्यातला सगळा कापूस सरकारनंच घ्यायची योजना, आपल्याच सरकारची होती. जुन्या लोकांना विचारा: चुकाऱ्याची वाट पाहणं, बाहेर भाव चढला की रातोरात सीमेपलीकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्या, अन् शेवटी योजनाच तोट्यात.

म्हणून माझी मागणी सगळे अधिकार मुंबईला द्या अशी नाही. जो निर्णय घेतो त्यानंच भुर्दंड सोसावा. जीएसटी परिषदेत राज्यांकडे मिळून दोन तृतीयांश मतं आहेत, मग कापसाच्या आयात शुल्काला हात लावण्याआधी कापूस पिकवणाऱ्या राज्यांना विचारणं बंधनकारक का नसावं? अन् शुल्क काढल्यावर बाजारभाव हमीभावाखाली गेला, तर फरकाची रक्कम केंद्रानं थेट शेतकऱ्याच्या खात्यात टाकावी. विदर्भातल्या खासदारांनी, कुठल्याही पक्षाचे असोत, हे लोकसभेत मांडावं. विधानसभेत विचारलं तर 'केंद्राशी पत्रव्यवहार सुरू आहे' याच्या पुढं उत्तर जात नाही.