हरतालिका, भात आणि इन्सुलिन

आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला आठवडाभर एकच काथ्याकूट चाललाय. भावकीतल्या एका कॉलेजात जाणाऱ्या पोरीला रत्नागिरीला ॲडमिट करावं लागलं. तिला लहानपणापासून टाइप १ डायबेटिस, म्हणजे शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही, ते बाहेरून टोचून घ्यावं लागतं. डॉक्टर म्हणाले, वजन वाढू नये म्हणून पोर इन्सुलिनचे डोस मुद्दाम चुकवत होती, हाही खाण्याचाच आजार. त्यावर काकांचा निवाडा: ‘ही परदेशातली थेरं. कोकणातल्या पोरी पेजेवर वाढतात, त्यांना कसले आलेत खाण्याचे आजार!’ खाली अंगठ्यांची रांग.

मी बर्मिंगहॅमला फार्मसीत काम करते, त्यामुळे मला गप्प बसवेना. इन्सुलिन टाळलं की साखर पेशींत न शिरता लघवीवाटे जाते. शरीर चरबी जाळायला घेतं, काट्यावर किलो उतरतात आणि इकडे चरबी जळताना तयार होणारे कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होत जातं. उलट्या, धाप, श्वासाला पिकल्या फळासारखा वास, पुढे बेशुद्धी. त्यातून वाचली तरी डोळ्यांचे पडदे, मूत्रपिंडं, पायांच्या नसा यांची वाट लागू शकते. अमेरिकेत बॉस्टनच्या जॉस्लिन या डायबेटिस केंद्रात टाइप १ असलेल्या २३४ स्त्रियांचा ११ वर्षं पाठपुरावा झाला, तो २००८ साली छापून आला. सुरुवातीला त्यांतल्या ३० टक्के जणींनी इन्सुलिन कमी घेत असल्याचं सांगितलं होतं. त्यांच्या मृत्यूचा धोका इतरजणींच्या तिप्पट निघाला.

‘त्या अमेरिकन,’ काका म्हणाले.

अहो, पण आपल्याकडे मुलगी जेवत नाही हे दिसणार कधी? हरतालिका निर्जळ, संकष्टी, चतुर्मासातले सोमवार. ताट बाजूला सारणाऱ्या पोरीचं कौतुकच होतं. टाइप १मध्ये निदानाआधी वजन उतरतं आणि इन्सुलिन सुरू झालं की पुन्हा भरतं. नेमकी तेव्हाच गणपतीला आलेली आत्या म्हणते, ‘अंग धरलंस हो!’ त्या पोरीला दर जेवणाला भाताचा अंदाज घेऊन डोस ठरवायचाय, मोदक खाल्ला तर सगळ्यांची नजर हातावर, आणि स्थळ आलं की ‘इंजेक्शनचं आत्ताच बोलू नका’. वर हाच ग्रुप रोज सकाळी ‘भात सोडा, साखर पळवा’ फिरवतो. शेजारच्या गोव्यात तर २०२३च्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत २६.४ टक्के लोकांना डायबेटिस निघाला. त्यात बहुतेक टाइप २चेच, म्हणजे इन्सुलिन बनतं पण नीट लागू पडत नाही. पण आपल्याकडे सगळ्यांना एकच ‘शुगर’, आणि मोठ्यांचा सल्ला या पोरीच्याही गळ्यात.

मग मी इथलं सांगितलं. एनएचएसने, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने, २०१९मध्ये डायबेटिस आणि खाण्याचे आजार दोन्ही एकत्र बघणारी पथकं सुरू केली. टाइप १ असलेल्या माजी पंतप्रधान थेरेसा मे यांनी याच विषयावरच्या संसदीय चौकशीचं सहअध्यक्षपद घेतलं, २०२४मध्ये अहवाल आला. इन्सुलिनचं पेन, सुया, साखर मोजणारा सेन्सर, सगळं प्रिस्क्रिप्शनवर फुकट. अशी पथकं सगळीकडे नाहीत आणि रांगा लांब आहेत, ते मी ग्रुपवर लिहिलं नाही. काकांपुढे इथलं उणं कोण काढणार?

काकांचं उत्तर दोन ओळींचं होतं: ‘तिथे बसून अक्कल शिकवू नको गो. रात्री गाडी काढून पोरीला कोणी नेलं?’

नेलं वाडीनेच. वहिनी रात्रभर उशाशी बसली होती. इथे माझ्या शेजारणीचं आडनावही मला ठाऊक नाही. मला चक्कर आली तर जीपीकडे (इथल्या फॅमिली डॉक्टरकडे) फोन लावून रांगेत कितवा नंबर ते ऐकत बसायचं. आणि गावी गेल्यावर तीच आत्या मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून ‘बारीक झालीस, बरी दिसतेस’ म्हणते तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला आवडतं. कोणीतरी आपल्याकडे इतकं बघतंय, याचंच बरं वाटतं. त्या पोरीला तेच बघणं जाचतंय, आणि ती तिथेच राहते.

वहिनीला मी वेगळा मेसेज केलाय: तिच्या वजनावर कोणी बोलायचं नाही, डोस घेताना ओरडायचं नाही पण सोबत बसायचं, आणि डायबेटिसच्या डॉक्टरांबरोबर मानसोपचारवालेही गाठायचे. ग्रुपवर लिहिता येत नाही. काका ॲडमिन आहेत. कालपासून तिथे फक्त ॲडमिननाच लिहिता येतं.